मागे उरणारी लाट

समुद्रकाठच्या धर्मग्रामात ज्याचे बालपण गेले, त्याला होडी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पावसाळा सरला की वसईच्या किनाऱ्यावर होड्यांना नवा रंग चढतो, धर्मगुरू येऊन त्यांना आशीर्वाद देतात आणि घरचे कर्ते पुरुष दर्यावर निघतात. होडी म्हणजे घरची भाकरी, आणि बहुधा घरावरचे कर्जही. मौजेसाठी होडी बाळगावी, तिच्यात दोन पलंग, एक शेगडी व पुस्तकांचे फडताळ असावे आणि तिने कुठेही पोहोचण्याची घाई न करता नदीतून हिंडावे, ही कल्पना आमच्या पिढीला परकी आहे.

म्हणूनच इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने आपल्या मोटारबोटीचे छायाचित्र पाठवले, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी एक बारीकशी टोचणी लागली. त्याने उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात काढला. त्याच्या पत्नीने तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रात्रपाळ्या केल्या. दोघांनी गावच्या भावंडांची शिक्षणे केली, लग्ने लावून दिली. असे असूनही निवृत्तीनंतर त्याने एक जुनी, अठ्ठावीस फुटी बोट विकत घेतली एवढ्याने माझ्या मनात त्याची जागा किंचित खाली सरकली. माणसाला इतरांचे चैनीचे खर्च किती चटकन दिसतात!

२०२३च्या जुलै महिन्यात, त्याच्या आग्रहावरून, मी चार दिवस त्या बोटीवर राहिलो. त्या चार दिवसांत मला एक प्रश्न पडला, आणि तो अद्याप पुरता सुटलेला नाही. जी वस्तू निव्वळ आनंदासाठी आहे, जी वर्षातील बहुतेक दिवस रिकामी पडून राहते, आणि जी वापरताना सर्वांच्या मालकीचे पाणी ढवळले जाते, अशी वस्तू बाळगण्याचा माणसाला नैतिक अधिकार आहे काय?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत नॉरफोक व सफोक या परगण्यांत ब्रॉड्स नावाचा पाणथळ प्रदेश आहे. ब्यूर, अँट, थर्न, यार, वेव्हनी अशा संथ नद्या, त्यांना जोडलेली साठाहून अधिक उथळ तळी, काठाला उंच बोरू, आणि मधूनच एखादी जुनी पवनचक्की. सुमारे दोनशे किलोमीटरचा जलमार्ग बोटींसाठी खुला आहे. शतकानुशतके लोक ही तळी निसर्गनिर्मितच समजत आले होते. परंतु १९५०च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने तळ्यांच्या तळाशी व काठाशी खोलवर छिद्रे घेऊन तिथला गाळ तपासला, तेव्हा असे आढळले की तळ्यांच्या बाजू भिंतीसारख्या सरळ उभ्या आहेत. निसर्ग असे खणत नाही. या मध्ययुगातील खाणी होत्या. दलदलीत कुजलेल्या वनस्पतींपासून बनणारी, वाळवून जाळता येणारी 'पीट' नावाची माती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खणून काढली. पुढे समुद्राची पातळी वाढली, खड्ड्यांत पाणी शिरले, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास खाणींची तळी होऊ लागली.

भावाने हे मला सांगितले तेव्हा आम्ही अशाच एका तळ्यात नांगर टाकून चहा पीत होतो. ज्या पाण्यावर आज माणसे मौजेसाठी येतात, त्याच्या तळाशी गरिबांचे कष्ट आहेत. थंडीने गारठलेल्या घरांसाठी आणि मठांच्या चुलींसाठी कुणीतरी गुडघाभर चिखलात उभे राहून ते खड्डे खणले होते. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. आपल्या सुखाच्या तळाशी कुणाचे श्रम आहेत हे न विचारता ते भोगणे, हीच बहुधा चैनीची खरी व्याख्या असावी.

आता त्या बोटीविषयी. तिचे अंग फायबरग्लासचे, इंजिन डिझेलचे, आणि किंमत आपल्याकडच्या मध्यम मोटारगाडीएवढी. परंतु बोटीची किंमत ती विकत घेताना संपत नाही. धक्क्यावरच्या जागेचे भाडे, विमा, दर चार वर्षांनी करावयाची सुरक्षिततेची तपासणी, पाण्याबाहेर काढून बुडाला रंग देणे, हिवाळ्यापूर्वी इंजिनातले पाणी काढून टाकणे, नाहीतर ते गोठून लोखंडाला तडा जातो. शिवाय १९८८च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या ब्रॉड्स प्राधिकरणाकडे दरवर्षी कर भरावा लागतो, तेव्हाच बोट पाण्यावर ठेवता येते. म्हणजे असे की, बोट विकत मिळते, नदी मिळत नाही. नदीवर मिळतो तो वर्षापुरता, अटींनी बांधलेला संचार. मालकीची सीमा बोटीच्या कडेलाच संपते. तिथून पुढचे सर्व सर्वांचे.

पहिल्या दिवशी सुकाणू माझ्या हाती देताना भावाने एकच सूचना केली. "दादा, पुढे बघून चालव, पण मधून मधून मागेही बघत जा."

मला वाटले, मागून येणाऱ्या बोटींसाठी तो सांगत असावा. तसे नव्हते. बोट पाणी कापीत जाते तेव्हा तिच्या मागे दोन्ही बाजूंना लाटा पसरतात. चालवणाऱ्याला त्या जाणवत नाहीत, कारण तो पुढे गेलेला असतो. त्या काठाला पोहोचतात तेव्हा तिथे बांधून ठेवलेल्या बोटी हिंदकळतात, कुणाच्या हातातला चहा सांडतो, मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याचा गळ ओढला जातो. पाणपक्ष्याचे घरटे पाण्याशी अगदी टेकून असेल तर त्यात पाणी शिरते. आणि हजारो बोटींच्या लाटा वर्षानुवर्षे आदळत राहिल्या की बोरूची मुळे सुटतात आणि काठच ढासळू लागतो. म्हणून तिथे ताशी तीन ते सहा मैल, म्हणजे सुमारे पाच ते दहा किलोमीटर, अशी वेगाची मर्यादा ठिकठिकाणी लावलेली आहे. चालत्या माणसाचा किंवा फार तर सायकलचा वेग. बांधलेल्या बोटींजवळून जाताना तर त्याहूनही हळू जायचे, असा तिथला शिष्टाचार आहे.

"मर्यादेच्या आत असलो म्हणजे झाले ना?" मी विचारले.

"नाही," भाऊ म्हणाला. "आकडा सगळ्या बोटींना एकच. पण जड बोटीची लाट मोठी, हलकीची लहान. उथळ पाण्यात वेगळी, खोल पाण्यात वेगळी. तेव्हा पाटी बघून भागत नाही. मागे वळून लाट बघावी लागते."

हे ऐकून मी काही क्षण गप्प राहिलो. कायदा व सद्सद्विवेकबुद्धी यांतील जो फरक मी शाळेत तीस वर्षे मूल्यशिक्षणाच्या तासाला समजावून सांगत होतो, तो त्याने दोन वाक्यांत सांगून टाकला होता. कायदा आपल्या वेगाला मर्यादा घालतो. आपल्या वेगाने दुसऱ्याचे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी मात्र तो पूर्णपणे उचलू शकत नाही. तिथे माणसाला स्वतःच मान वळवावी लागते.

तथापि जी लाट वळून पाहिली तरी दिसत नाही, तिचे काय? बोटीच्या बुडाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून विशिष्ट रंग देतात. १९६०च्या दशकापासून अशा रंगांत ट्रायब्यूटिलटिन नावाचे कथिलाचे एक संयुग वापरले जाऊ लागले. ते इतके जहाल निघाले की १९८७ साली ब्रिटनने लहान बोटींवर त्याचा वापर बंद केला. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ब्रॉड्सच्या तळ्यांतील गाळाचे थर तपासले असता, तिथल्या पाणवनस्पती नाहीशा होण्यात या विषाचाही हात असावा असे दिसून आले. सांडपाण्यातून व शेतांतून वाहून येणारी पोषकद्रव्ये हे ऱ्हासाचे दुसरे मोठे कारण आहेच. सारा दोष बोटवाल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या सज्जन माणसाने आपली बोट स्वच्छ राहावी म्हणून सुटीच्या दिवशी हौसेने तिचे बूड रंगवले, त्याला आपण तळ्यावर काय फासतो आहोत याची सुतराम कल्पना नव्हती. अज्ञानाने त्याचा दोष हलका झाला असेल. वनस्पतींचे नुकसान मात्र त्याने टळले नाही. म्हणून वापर करणाऱ्याने चौकशी करीत राहणे, हेही त्याच्या कर्तव्यात येते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ब्यूर नदीच्या काठी संत बेनेट मठाच्या भग्नावशेषांपाशी बोट बांधली. अकराव्या शतकात, राजा कनूटच्या काळात उभारलेला हा बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बरखास्त केले, तेव्हा हा मठ रीतसर बरखास्त झाला नाही. नॉरिचचा बिशपच त्याचा मठाधिपती ठरवला गेला. संन्यासी गेले, इमारती पडल्या, दगड लोकांनी वाहून नेले. आज प्रवेशद्वाराचे अवशेष आहेत आणि त्यांच्यातच अठराव्या शतकात कुणीतरी बांधलेल्या पवनचक्कीचा मनोरा उभा आहे. परंतु ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नॉरिचचे अँग्लिकन बिशप आजही जुन्या शिडाच्या होडीतून नदीमार्गे येतात आणि उघड्या आकाशाखाली उपासना चालवतात. ज्यांनी काहीही स्वतःचे म्हणून न ठेवण्याचे व्रत घेतले होते, त्यांच्या अंगणात आमची खासगी मालकीची बोट दोराने बांधलेली होती. ते पाहून माझ्या मनात तीन दिवस दडपून ठेवलेला प्रश्न बाहेर पडला.

"वर्षातले किती दिवस वापरतोस रे ही?"

"पाच आठवडे. फार तर सहा."

"आणि उरलेले दिवस नुसती उभी. हिच्या खर्चात गावाकडच्या दोन मुलांचे शिक्षण झाले असते."

तो रागावला नाही. पाण्याकडे पाहत त्याने विचारले, "दादा, तुझ्या घराचा वरचा मजला वर्षातून किती दिवस उघडतोस?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होते. तो मजला मी मुलासाठी बांधला. मुलगा कॅनडात आहे. दोन वर्षांतून एकदा, नाताळात, तीन आठवडे दिवे लागतात. एरवी दर शनिवारी मी वर जाऊन खिडक्या उघडतो, धूळ झटकतो आणि पुन्हा कुलूप लावतो.

रात्री बोटीतल्या अरुंद पलंगावर मला झोप लागली नाही. बेथानीच्या त्या घराची आठवण होत होती. मरियेने अतिमोलवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही असा प्रश्न एकाने केला. प्रश्न वरकरणी किती रास्त! पण संत योहान सांगतो की विचारणारा यहूदा होता, आणि त्याला गरिबांची पर्वा नव्हती. मी चोर नव्हतो, हे खरे. परंतु गरिबांचे नाव पुढे करून दुसऱ्याच्या आनंदाला दूषण देणे आणि आपली थैली आपल्यापाशी ठेवणे, एवढे साम्य मला नाकारता येईना.

तरीही प्रश्न विचारणारा खोटा निघाला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. त्याच प्रभूने मोठमोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवंताचाही दाखला दिला आहे. त्या धनवंताचे धान्य चोरीचे नव्हते. ते त्याच्याच शेतात पिकले होते. त्याची चूक ही की, त्याच्या साऱ्या बेतात त्याच्याखेरीज दुसरा कुणी मनुष्यच नव्हता.

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक भेद करून ठेवला आहे, तो आजही उपयोगी पडतो. वस्तू मिळवणे व तिची व्यवस्था पाहणे, यासाठी खासगी मालकी योग्यच होय, असे ते म्हणतात. कारण स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो आणि भांडणेही कमी होतात. परंतु वस्तूचा वापर करताना मात्र ती केवळ आपली न मानता सर्वांची मानावी आणि दुसऱ्याला गरज भासताच देण्यास तयार असावे. मालकी एकाची असू शकते. वापराकडे पाहण्याची दृष्टी मात्र सर्वांचा विचार करणारी हवी. ही कसोटी लावली म्हणजे 'बोट घ्यावी की न घ्यावी' हा प्रश्न मागे पडतो आणि 'घेतलेल्या बोटीत कुणासाठी जागा आहे' हा प्रश्न पुढे येतो.

गालील सरोवरात शिमोन पेत्राची स्वतःची होडी होती. एके सकाळी, रात्रभर जाळी टाकूनही काही न मिळालेल्या त्या दमलेल्या माणसाकडे प्रभूने ती मागितली, काठापासून जराशी लोटायला सांगितली आणि तिच्यात बसून लोकसमुदायाला शिकवण दिली. प्रभूचे सारे जीवन असे उसन्या वस्तूंवर गेले. गव्हाणी दुसऱ्याची, शिंगरू दुसऱ्याचे, अखेरची कबरसुद्धा दुसऱ्याची. यावरून मालकी वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. उलट, देणारे मालक होते म्हणूनच ते मागता आले. पेत्राने त्या क्षणी 'होडी माझी आहे, मी थकलो आहे' असे म्हटले असते तर ते खरेच ठरले असते. आणि तरीही काहीतरी फार मोठे हातचे गेले असते.

विश्रांती व आनंद यांनाही जीवनात स्थान आहे, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. चाळीस वर्षे इंजिनाच्या धगीत काम केलेल्या माणसाने संध्याकाळी बोरूच्या वनावर उतरणारे ऊन पाहत बसावे, यात मला आता पाप दिसत नाही. त्या चार दिवसांत माझा भाऊ बोटीच्या जिन्यावर बसून पत्नीसोबत रोजरी म्हणताना मी पाहिला. निवांतपणा माणसाला उन्मत्तही करतो आणि कृतज्ञही करतो. त्याला तो कृतज्ञ करीत होता. परंतु कृतज्ञता मनात उरली तर ती अपुरी असते, हे मी त्याला निघताना सांगितले. त्याने मान डोलावली, होकार दिला नाही. बोट आजही पाच-सहा आठवडेच पाण्यावर हिंडते असे कळते. ते त्याचे त्याने पाहावे. मला माझ्या मजल्याचे पाहायचे होते.

घरी परतल्यावर मी पत्नीपाशी विषय काढला. ती म्हणाली, "मुलगा अचानक आला तर?" प्रश्न रास्त होता. बोटवाल्याला पाच आठवड्यांसाठी बावन्न आठवडे बोट बांधून ठेवावीशी वाटते, त्यामागेही हाच 'अचानक' असतो. बरेच दिवस आम्ही बोललो, क्वचित भांडलोही. अखेरीस त्यातली एक खोली आम्ही उघडी केली. डोंगराकडच्या पाड्यांवरून इथल्या रुग्णालयात आणलेल्या आजाऱ्यांचे नातेवाईक व्हरांड्यांत झोपतात. आमच्या धर्मगुरूंच्या ओळखीने त्यांपैकी एखादे कुटुंब आता त्या खोलीत उतरते. उरलेल्या दोन खोल्यांना अजून कुलूप आहे. हे मी प्रौढीने सांगत नाही. तीन खोल्यांपैकी एक, हा हिशेब प्रौढी मिरवण्याजोगा नाही.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांजवळ मोटारबोट असेल. परंतु धक्क्याला बांधून ठेवलेले काही ना काही प्रत्येकाजवळ आहे: बंद मजला, पेटीतले दागिने, अंगणातली गाडी, निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ. त्या वस्तू विकून टाका असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच विचारतो, जे भावाने मला सुकाणू देताना सांगितले होते: आपण मधून मधून मागे वळून पाहतो काय? आपल्या जाण्याने काठावर काय पोहोचले, हे आपल्याला ठाऊक असते काय?

बोटीवरच्या शेवटच्या सकाळी सुकाणू माझ्याच हाती होते. डाव्या काठाला एक लहानशी होडी बांधलेली होती आणि तिच्यात एक वृद्ध स्त्री पाठमोरी बसून काहीतरी विणत होती. मी इंजिनाचा वेग उतरवला, बोट जवळजवळ तरंगू दिली आणि मागे पाहिले. पाण्यावर बारीकशी सुरकुती उठली आणि काठाला पोहोचण्यापूर्वीच विरून गेली. त्या स्त्रीने मान वर केली नाही. कुणीतरी तिच्याजवळून गेले, हे तिला कळलेही नाही.